गाव ते फाटा सायकल, पुढे एसटी: मराठवाड्याच्या रस्त्यांसाठी पूर्वतयारी

मराठवाड्यातली कितीतरी गावं मोठ्या रस्त्यापासून चार-सहा किलोमीटर आत आहेत. एसटी फाट्यावर थांबते, गावात येते ती दिवसातून एक-दोनदा. मग तालुक्याला जायचं म्हटलं की मोटारसायकल काढायची, आणि एकदा काढली की ती फाट्यावर कशाला थांबतेय, थेट तालुका गाठते. पेट्रोल जळतं ते पुढच्या पंचवीस किलोमीटरमध्ये, पण गाडी घराबाहेर पडते ती अलीकडच्या पाच-सहा किलोमीटरमुळे. हा तुकडा सायकलवर आणला तर पुढचा आपोआप एसटीवर येतो.

आधी हिशेब. गाव ते फाटा 6 किलोमीटर, फाटा ते तालुका 24, म्हणजे जाऊन-येऊन 60. गाडी लिटरला 50 देत असेल तर रोज 1.2 लिटर, महिन्याच्या 25 फेऱ्यांना 30 लिटर. 105 रुपये भावाने 3150 रुपये होतात. परभणीकडच्यांनी आपला भाव घालून बघावा. तिकडे पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकरने येतं, वाहतुकीचा खर्च त्यात चढतो, म्हणून ते शेजारच्या जिल्ह्यांपेक्षाही महाग पडतं. आता एसटी. एका बाजूचं तिकीट 40 रुपये धरा. मासिक पासात 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस प्रवास करता येतो, म्हणजे 1600 रुपये. महिन्यात वीसपेक्षा कमी दिवस जाणं होत असेल तर पास काढू नका, रोजचं तिकीट स्वस्त पडतं. महिलांचं गणित निराळं आहे: मार्च 2023 पासून त्यांना तिकिटात निम्मी सवलत आहे, त्यामुळे 25 दिवस रोज अर्धं तिकीट काढलं तरी हजारच रुपये होतात. पूर्ण दराच्या पासापेक्षा ते कमीच. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, 75 पूर्ण झालेल्यांना मोफत; आधार कार्ड जवळ ठेवा.

सायकल कुठली

नवी घेण्याआधी घरातली जुनी काळी सायकल बघा. 28 इंची चाकं, जाड नळ्या, मागे 40 आणि पुढे 32 तारा. मराठवाड्याच्या रस्त्याला ती आजही गिअरवाल्या स्वस्त सायकलीपेक्षा बरी. स्वस्त गिअरची सायकल दिसायला देखणी, पण एक धूळवाट आणि एक पावसाळा झाला की मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, वाकतो, आणि तो सरळ करणारा माणूस तालुक्यालाही मिळेलच असं नाही. काळ्या सायकलीचा प्रत्येक भाग बाजारच्या गावात मिळतो.

तिच्यात एकच बदल हमखास करा. बहुतेक काळ्या सायकलींना पुढे 44 दात्यांचं चाक आणि मागे 18 दात्यांचं फ्रीव्हील असतं. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण 5.4 मीटर जाते. सपाटीला ठीक. पण जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा अंगावर आला, किंवा बालाघाटाच्या बाजूचा चढ लागला, की गुडघे बोलायला लागतात. 22 दात्यांचं फ्रीव्हील बसवा. एका फेऱ्यात साडेचार मीटर जाईल, वेग थोडा कमी होईल, पण उतरून ढकलावं लागणार नाही. चेनमध्ये बहुधा एक जोड वाढवावा लागतो. जुनं फ्रीव्हील गंजून चिकटलेलं असतं. छिन्नी-हातोड्याने ते काढू देऊ नका, रिमूव्हर आणि शिकंजा असलेल्या दुकानातच जा. नाहीतर हबचे आटे जातात आणि अख्खं मागचं चाक बदलायची पाळी येते.

सीटची उंची: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ झाला पाहिजे. गावात निम्म्या सायकलींची सीट तीन-चार बोटं खाली असते, कारण जमिनीला दोन्ही पाय टेकलेले बरे वाटतात. सहा किलोमीटरमध्ये मांड्या भरून येतात त्या यामुळेच.

काटे

सायकल सोडून देण्याचं खरं कारण अंतर नसतं, पंक्चर असतं. आपल्याकडे दोन शत्रू आहेत. रस्त्याच्या कडेची वेडी बाभूळ, जिचा काटा सरळ आणि लांब असतो, टायरच्या आरपार जातो. आणि सराटा, जो पाऊस संपल्यावर वाळतो आणि ऑक्टोबरपासून कडेच्या मातीत पसरलेला असतो. सराट्याचा काटा लहान, पण एकदम पाच-सहा रुततात. डांबराची कड सोडून खाली उतरायचं टाळा. शेताच्या कुंपणाला बाभळीच्या फांद्या लावलेल्या असतील तिथे आठवडाभर रस्त्यावर काटे सापडतात. तेवढा पट्टा पायी गेलात तरी चालेल.

टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये पट्टी घाला. बाजारात तयार मिळते, पण घरचीही होते: जुन्या सायकल टायरच्या दोन्ही कडांतली तार कापून काढा आणि उरलेली मधली पट्टी नव्या टायरच्या आत बसवा. इथे एक चूक सगळे करतात. पट्टीची दोन टोकं एकमेकांवर चढतात आणि त्या कडेवर ट्यूब घासून महिन्याभरात फाटते, मग लोक म्हणतात पट्टीनेच पंक्चर झालं. टोकं तिरपी कापा, कडा कानशीने पातळ करा, जोडावर जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवा. सायकल थोडी जड चालते, पण सराट्याचा त्रास जवळपास मिटतो. बाभळीचा मोठा काटा मात्र कधीमधी येणारच.

म्हणून पंक्चर काढायला शिका. सामान: दोन लोखंडी लिव्हर, सोल्यूशनची ट्यूब, पाच-सहा पॅच, पॉलिश पेपरचा तुकडा, छोटा पंप, पाना. चाक काढायची गरज नाही.

सायकल उलटी करा. उरलेली हवा सोडा, हवा भरायचा वॉल आतल्या बाजूला ढकला. वॉलच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून लिव्हरने टायरची एक कड रिमबाहेर काढा. ट्यूब ओढून घ्या, थोडी हवा भरा. पाणी असेल तर बुडवून बुडबुडे बघा, नसेल तर गाल जवळ नेऊन हवा कुठे लागते ते पाहा. भोकाभोवती पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेत पॉलिश पेपरने घासा, ट्यूबची चकाकी गेली पाहिजे. धूळ पुसा. सोल्यूशनचा पातळ हात द्या आणि थांबा. तीन-चार मिनिटं. बोटाला ओलं लागत नाही, फक्त चिकट वाटतं, तेव्हा पॅच ठेवा आणि दगडाने दाबून घासा. घाईत ओल्या सोल्यूशनवर ठेवलेला पॅच थंडीत टिकतो आणि एप्रिलात सुटतो.

ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून दस्ती फिरवा. दस्ती अडकली की तिथे काटा आहे. बोट फिरवलं तर बोटात जाईल. हा काटा न काढता घरी गेलेली सायकल दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलेली असते, आणि दोष पॅचला दिला जातो. काटा बाहेरून मोडलेला असतो. आतून नखाने किंवा चिमट्याने ढकलून काढावा लागतो.

ट्यूबला पंक्चर नाही, पण रात्रीतून हवा जाते? वॉलवरची रबरी नळी बघा. वॉलच्या तोंडाला थुंकी लावा, बुडबुडा आला तर नळी वाळली आहे. उन्हाळ्यात ती दोन-तीन महिन्यांत वाळते. खिशात चार नळ्या जास्तीच्या असू द्या, अगदी किरकोळ किंमत असते.

ऊन आणि हवा

उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवायची, हा समज सोडून द्या. सकाळी 25 अंशांना 50 पौंड हवा भरली आणि टायर 55 अंशांपर्यंत तापला, तरी दाब सहा-सात पौंडच वाढतो. चांगला टायर तेवढ्याने फुटत नाही. फुटतो तो कडेला चिरा पडलेला टायर, किंवा जुना पॅच उष्णतेने सुटतो. उलट हवा कमी असली की खड्ड्यात टायर रिमला आपटतो आणि ट्यूबला दोन समांतर छिद्रं पडतात. तशी जोडीची छिद्रं दिसली तर काटा शोधू नका, हवा वाढवा. सायकलच्या वॉलवर मीटर नीट लागत नाही, म्हणून अंगठ्याने पाहा: बसण्याआधी मागचा टायर जोर लावूनही जेमतेम दबला पाहिजे. आठवड्याला एकदा हवा.

सायकल उभी करताना टायरवर ऊन पडणार नाही असं बघा. सावली मात्र कडुलिंबाची शोधा, वेड्या बाभळीची नको.

एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. सकाळी साडेसातपर्यंत फाटा गाठा, परतीचा टप्पा साडेपाचनंतर. सहा किलोमीटरला पंचवीस-तीस मिनिटं लागतात. लिटरभर पाणी, डोक्याला दस्ती. घाम येणं थांबलं आणि डोकं दुखू लागलं तर लगेच सावलीत थांबा, पोहोचायची घाई करू नका.

चेन, कॉटर, तारा

चेनला इंजिनचं जळकं ऑइल लावण्याची पद्धत सगळीकडे आहे, आणि सगळीकडे चुकीची आहे. त्यावर काळी धूळ बसते, तिचा लेप होतो आणि तो लेपच दाते झिजवतो. शिलाई मशीनचं तेल घ्या, रात्री प्रत्येक जोडावर एक थेंब टाका, सकाळी फडक्याने बाहेरचं पुसून घ्या. पंधरा दिवसांतून एकदा पुरे, पावसात दर आठवड्याला. चेन झिजली का ते पट्टीने कळतं: पिनेपासून पिनेपर्यंत 24 जोड बरोबर 12 इंच भरले पाहिजेत. एक अष्टमांश इंच जास्त भरले तर चेन बदला. उशीर केला तर फ्रीव्हीलही बदलावं लागेल.

पायडल मारताना प्रत्येक फेऱ्याला 'टक' वाजतं आणि पाय किंचित घसरल्यासारखा वाटतो, तो कॉटर, म्हणजे पायडलचा दांडा मधल्या आसाला धरून ठेवणारी खीळ, ढिला झालेला असतो. नुसता नट आवळू नका, त्याने आटे तुटतात. आधी हातोडीने कॉटर आत बसवायचा, मग नट. ठोकताना पायडलच्या दांड्याखाली लाकडाचा ठोकळा धरा, नाहीतर मार आतल्या छऱ्यांवर जातो.

मागची तार तुटते ती बहुतेक फ्रीव्हीलच्या बाजूची, हबजवळच्या वळणावर. तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळा, त्या दिवशी कॅरिअरवर काही लादू नका, आणि दोन दिवसांत बसवून घ्या. एक तार तुटली की तिचा भार शेजारच्या दोघींवर येतो, त्याही जातात. दुधाचे कॅन नेणाऱ्यांनी वजन कॅरिअरच्या वर न ठेवता दोन्ही बाजूंना सारखं आणि खाली लटकवावं.

काळी माती

पहिला पाऊस पडला की पांदीच्या वाटेने जाऊ नका. भिजलेली काळी माती टायरला चिकटते, मडगार्डखाली साचते आणि शे-दोनशे पावलांत चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल खांद्यावर. मुरमाचा किंवा डांबराचा रस्ता लांबून असला तरी तोच घ्या. मडगार्ड आणि टायर यांच्यात किमान बोटभर जागा हवी, आणि चिखल काढायला कॅरिअरमध्ये चपटी काठी. लोखंडी रिम ओली असताना ब्रेक उशिरा धरतात, त्यामुळे फाट्याजवळच्या उतारावर नेहमीपेक्षा बरंच आधी ब्रेक दाबायला लागा. ब्रेकची रबरं झिजून धातू दिसायला लागला की रिमच घासली जाते.

फाट्यावर

सायकल ठेवण्याची जागा आधी ठरवा: चहाचं हॉटेल, गिरणी, खताचं दुकान. महिन्याचे ठरावीक पैसे बोलून घ्या, फुकटची ओळख दोन महिन्यांत अवघड होते. दुकान संध्याकाळी किती वाजता बंद होतं हे विचारायला विसरू नका. मागच्या चाकाचं रिंग लॉक पुरत नाही, सायकल उचलून टेम्पोत टाकता येते. साखळी फ्रेम आणि खांबातून घ्या. पंप सोबत न्या, तो पहिला जातो.

गाड्यांचं वेळापत्रक आगारात जाऊन लिहून घ्या, कारण फाट्यावरची माहिती ऐकीव असते. पाटी वाचा: साधी गाडी फाट्यावर थांबते, जलद थांबेलच असं नाही, विनाथांबा थांबत नाही. गावात रात्री मुक्कामी गाडी येत असेल तर ती सकाळी लवकर निघते. पावसाच्या दिवशी तीच धरा, सायकल घरी राहू द्या. परतीला शेवटच्या साध्या गाडीच्या आधीची गाडी आपली समजा. ती चुकली तरी शेवटची उरते, आणि तीही गेली तर काळी-पिवळी.

शाळेच्या मुलींसाठी मानव विकास कार्यक्रमाच्या तालुक्यांत दोन सोयी आहेत: शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल, आणि मुलींच्या वाहतुकीसाठी निळ्या गाड्या. चौकशी मुख्याध्यापकांकडे करा. सायकल घेताना 'अजून उंच होईल' म्हणून मोठी घेऊ नका. मधल्या दांडीवर उभं राहून दोन्ही पाय जमिनीला टेकत नसतील तर अचानक थांबताना ती पडणार.

बॅटरीची सायकल घ्यायची तर मोटर 250 वॅटपर्यंतची आणि वेग 25 किलोमीटरच्या आतला असू द्या, म्हणजे नोंदणी आणि लायसन्सची भानगड नाही. काढता येणारी बॅटरीच घ्या. फाट्यावर दिवसभर उन्हात राहिलेली बॅटरी घरी आल्या आल्या चार्जिंगला लावू नका, गार होऊ द्या.

हिवाळ्यात सहालाच अंधारतं. पुढे पांढरा दिवा लागतो तो खड्ड्यांसाठी, पण मागचा लाल दिवा जास्त महत्त्वाचा. ऊसतोडीच्या दिवसांत कारखान्याच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, बाहेर आलेला ऊस कडेच्या माणसाला लागतो. मागून ट्रॅक्टर आला की त्याला पुढे जाऊ द्या आणि दुसरी ट्रॉली गेल्याची खात्री करूनच पुन्हा डांबरावर या.