डोंगरातील लहान गावाचे स्थान आणि नावाचे मूळ कसे शोधावे

डोंगरातील लहानशा गावाच्या नावाचा अर्थ लावायचा असेल, तर सुरुवात शब्दकोशापासून न करता नकाशापासून करावी. समोच्च रेषा दाखवणाऱ्या नकाशावर गावाचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची टिपावी. मग गाव कोणत्या खोऱ्यात आहे, वरच्या अंगाला कोणती खिंड आहे आणि जवळून वाहणारे पाणी पुढे कोठे मिळते, हे नकाशावर बोट फिरवत पाहावे. डोंगरात वस्तीसाठी थोडी सपाटी, बारमाही पाणी किंवा पलीकडच्या खोऱ्यात उतरणारी वाट लागते, आणि पुष्कळदा तीच गोष्ट नावात उतरलेली असते. मॅटरहॉर्न पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या स्विस गावाचे झेरमाट हे नाव तेथील जर्मन बोलीत ‘कुरणापाशी’ एवढेच सांगते.

त्यानंतर नावाची जुन्यात जुनी लिखित रूपे गोळा करावीत. दानपत्रे, मठांच्या नोंदी, महसुलाची दप्तरे आणि जुने नकाशे यांत सापडलेले प्रत्येक रूप सालासह, जसेच्या तसे उतरवून घ्यावे. चुकीचे वाटणारे लेखन सुधारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण जुना उच्चार नेमका त्या ‘चुकी’तच जपला गेलेला असू शकतो.

वेल्समधील बेदगेलर्ट हे गाव या दृष्टीने फार शिकवणारे आहे. १,०८५ मीटर उंचीच्या स्नोडन पर्वताच्या दक्षिणेस, ग्लासलिन आणि कोलविन या नद्यांच्या संगमावर ते वसले आहे. वेल्श भाषेत ‘बेद’ म्हणजे थडगे. लिवेलिन राजाच्या गेलर्ट नावाच्या कुत्र्याने लांडग्यापासून तान्ह्या बाळाला वाचवले, पण त्याचे रक्ताळलेले तोंड पाहून राजाने त्यालाच ठार केले, अशी कथा गावात सांगतात आणि नदीकाठच्या कुरणात त्याचे थडगेही दाखवतात. पंचतंत्रातील ब्राह्मणी आणि मुंगसाची गोष्ट ज्याने लहानपणी ऐकली आहे, त्याला ही कथा लगेच ओळखू येईल. ते थडगे अठराव्या शतकाच्या अखेरीस उभारलेले असून त्याचे श्रेय तेथील एका खानावळवाल्याला दिले जाते. याउलट तेराव्या शतकातील नोंदींत नावात ‘ग’च्या जागी ‘क’ आढळतो, त्यामुळे मूळ नाव केलर्ट या प्राचीन ख्रिस्ती साधुपुरुषाचे असावे, असे मानले जाते. अशी लोककथा टाकून देऊ नये. ती सांगणाऱ्याच्या शब्दांत, त्याच्या उच्चारासह वेगळी नोंदवावी, मात्र तिला पुरावा म्हणून वापरू नये.

अर्थ हाती आला की तो पुन्हा जमिनीवर पडताळावा, आणि मेळ बसला नाही म्हणून लगेच सोडून देऊ नये. बेदगेलर्टच्या खालच्या अंगाला अबरग्लासलिनची अरुंद घळ आहे. ‘अबर’ म्हणजे नदीचे मुख, पण समुद्र तर आज तेथून कित्येक किलोमीटर दूर आहे. आजच्या पोर्थमॅडॉगजवळचा बांध १८११ मध्ये पूर्ण होईपर्यंत मात्र भरतीचे पाणी त्या घळीच्या तोंडापर्यंत चढत असे.