सरगॅसमचा अर्क कोळंबीला: आधी टबात, मग तलावात

तलावात व्हिब्रिओ जीवाणू वाढले की कोळंबी खाणं सोडते आणि पांढऱ्या विष्ठेचे दोरे पाण्यावर तरंगू लागतात. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या प्रतिजैविकांना कोळंबीशेतीत बंदी आहे; मालात त्यांचा अंश सापडला तर निर्यात अडकते. म्हणून व्हिब्रिओला आवर घालता येतो का ते पाहायला सरगॅसम या समुद्री शेवाळाच्या अर्काची वाट धरायची. पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग विषाणूचा असतो. त्यावरचा हा उपाय नव्हे.

शेवाळ पावसाळा सरल्यावर, अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला आणा. खडकांवरचं तपकिरी सरगॅसम ओळखायला सोपं, त्याला मण्यांसारखे हवेचे फुगे असतात. मूळ खरवडू नका, वरून कापा. मालवणच्या सागरी अभयारण्याच्या हद्दीत तर हातच लावू नका.

आधी समुद्राच्या पाण्याने, मग गोड्या पाण्याने धुऊन वाळू-शिंपले काढा. सावलीत वाळवा. वजन इतकं उतरतं की पहिल्यांदा करणाऱ्याला आपण फसलो असं वाटतं. कडकडीत झालं की दळा.

100 ग्रॅम पूड 1 लिटर 70 टक्के इथेनॉलमध्ये झाकून 48 तास ठेवा, अधूनमधून हलवा. रंगकामाचं स्पिरिट चालणार नाही, त्यात विषारी मिथेनॉल असू शकतं. फडक्यातून, मग गाळण कागदातून गाळा आणि उथळ ताटात, हवेशीर जागी अल्कोहोल उडू द्या. जवळ ज्योत नको. खाली चिकट, गडद लगदा उरतो. बाटलीवर जात, किनारा, तारीख लिहून फ्रीजमध्ये ठेवा. पुढच्या हंगामातला अर्क असाच निघेल याची खात्री नसते.

पुढचं काम प्रयोगशाळेचं, घरी जीवाणू वाढवू नका. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस माणसाचंही पोट बिघडवतो. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे विचारा. मीठ घातलेल्या अगारवर (बशीत थिजवलेल्या, जीवाणू वाढवायच्या जेलीवर) तलावातला जीवाणू पसरून अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडं दिसलं तर जीवाणू तिथे वाढला नाही. शेजारी नुसत्या इथेनॉलची वाळवलेली चकती हवीच. तिच्याभोवतीही कडं आलं, तर श्रेय शेवाळाचं नाही.

एवढ्यावर तलावात ओतायला धावू नका. बशीत चकतीला जीवाणू भिडलेला असतो. कोळंबीच्या पोटात अर्क पचतो, पाण्यात विरतो. सहा टब घ्या, एकाच खारटपणाचं पाणी, प्रत्येकात सारख्या आकाराच्या 20 कोळंब्या. तीन टबांना साधं खाद्य. उरलेल्या तिघांना खाद्याच्या किलोमागे 5 ग्रॅम लगदा थोड्या पाण्यात कालवून शिंपडलेलं, सावलीत सुकवलेलं आणि वर माशाच्या तेलाचा हात दिलेलं. तेल साध्या खाद्यालाही लावा, नाहीतर तुलनाच फसते.

तीन आठवडे चेक ट्रेमधलं (खाद्य किती खाल्लं ते पाहायला पाण्यात ठेवलेल्या ताटातलं) उरलेलं खाद्य, मेलेल्या कोळंब्या आणि शेवटी आतड्यातल्या व्हिब्रिओची मोजणी लिहून ठेवा. अर्काच्या वासाने कोळंबीनं खाद्यच टाकलं तर चकतीभोवतीचं कडं कितीही मोठं असो, मात्रा कमी करून टब पुन्हा भरावे लागतात.