कायमची लो मेडिकल कॅटेगरी लागली, आता नोकरीचं काय?

पलटण वर, म्हणजे उंच पहाडी भागात, निघाली त्या पहाटे मी गेटजवळ उभा राहून गाड्या मोजत होतो. माझ्या सेक्शनची पोरं तिसऱ्या गाडीत होती. मी रिअर पार्टीत, म्हणजे मागे थांबणाऱ्यांत, खिशात एमएचचा (मिलिटरी हॉस्पिटलचा) कागद, त्यावर ए२ आणि पुढे 'पर्मनंट'. हवालदार होतो, अकरा वर्षं सर्व्हिस झालेली. त्या कागदाचा अर्थ तेव्हा कुणी नीट सांगितला असता तर पुढची दोन वर्षं मी कुढत काढली नसती. म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. त्याच कॅटेगरीवर आणखी तेरा वर्षं काढून, चोवीस वर्षांची नोकरी पूर्ण करून हवालदार म्हणून घरी आलेला माणूस आहे.

सगळ्यात आधी कागद वाचायला शिका. निम्मे जवान फक्त 'लो मेडिकल' एवढंच ऐकतात आणि मान खाली घालतात. भारतीय सैन्यात तब्येत 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात. एस म्हणजे मन, एच म्हणजे कान, ए म्हणजे हातपाय आणि सांधे, पी म्हणजे शरीराची एकूण ताकद (हृदय, बीपी, शुगर वगैरे सगळं यात) आणि ई म्हणजे डोळे. प्रत्येक अक्षरापुढे एक ते पाच यांपैकी एक आकडा असतो. एक म्हणजे कुठेही, कोणत्याही ड्यूटीला चालेल. दोन म्हणजे बहुतेक कामं चालतील, फार ताणाची नकोत. तीन म्हणजे रोजची साधी, बैठी कामं. चार म्हणजे हॉस्पिटलात किंवा सिक लीव्हवर, तात्पुरता बाद. पाच म्हणजे नोकरीलाच कायमचा बाद. माझा कागद होता एस१ एच१ ए२ पी१ ई१. म्हणजे पाचांपैकी चार अक्षरं ठणठणीत, पण मला दिसत होता तो फक्त तो दोन.

आकड्याइतकीच महत्त्वाची असते त्याखालची बंधनांची ओळ. त्यासाठी 'कोप' (COPE) नावाची दुसरी मोजणी आहे: कोणत्या हवामानात आणि भूभागात पाठवायचं, डॉक्टरांच्या नजरेखाली किती राहायचं, अंगमेहनत किती झेपेल आणि एखादं खास बंधन आहे का. तुम्ही कुठे जाऊ शकता आणि कुठे नाही, हे ही ओळ ठरवते. माझ्या कागदावर धावणं, उडी मारणं, जड वजन घेऊन चढणं आणि हाय अल्टिट्यूड, म्हणजे साधारण ९,००० फुटांच्या वरचा भाग, यांवर बंदी होती. फील्डमध्ये जायला सरसकट बंदी नव्हती. सपाट भागातल्या फील्ड एरियात मी नंतर राहून आलो. ज्याचा कान गेलाय त्याला फायरिंगच्या आवाजापासून लांब ठेवतात, पण त्याचे पाय शाबूत असतात. हृदयाचा पेशंट असेल तर जवळ मोठं हॉस्पिटल लागतं. 'लो मेडिकल आहे, याला कुठेच पाठवता येत नाही' असं कुणी म्हणालं, तर आदबीनं ती ओळ दाखवा. आणि ज्या कामाला तिथे स्पष्ट मनाई आहे ते काम मर्दुमकी दाखवायला अंगावर घेऊ नका. मी एकदा घेतलं होतं. फॅटिगमध्ये (युनिटच्या हमालीच्या कामात) खोके उचलायला पुढे झालो, संध्याकाळी गुडघा नारळाएवढा.

आता क्रम. दुखापत किंवा आजार झाला की आधी तात्पुरती कॅटेगरी मिळते, ती साधारण चोवीस आठवड्यांपर्यंत चालते. तोवर बरं वाटलं नाही तर कायमची. 'कायमची' या शब्दाला मीही घाबरलो होतो, पण त्यालाही दर दोन वर्षांनी रिकॅट बोर्ड, म्हणजे डॉक्टरांची फेरतपासणी, असतो. तिथे आकडा वर जातो, खाली येतो, काहींचा पुन्हा एकवर येतो. बोर्डाची तारीख स्वतःच्या डायरीत लिहून ठेवा आणि महिनाभर आधी एमआय रूमला (युनिटच्या दवाखान्याला) आठवण करा. तारीख उलटून गेली आणि कागद शिळा झाला की त्याचा त्रास तुम्हालाच होतो, रजेपासून पोस्टिंगपर्यंत. जाताना जुने एक्सरे, एमआरआय, डिस्चार्ज स्लिपा, मागचे सगळे बोर्ड तारखेच्या क्रमानं लावून न्या. डॉक्टरांपुढे दुखणं वाढवून सांगू नका आणि लपवूही नका. दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिलेत. लपवणारा जास्त गोत्यात येतो, कारण उंचावर गेल्यावर शरीर त्याला उघडं पाडतं आणि तोवर बरोबरच्या चार जणांना त्याला खांद्यावर खाली आणावं लागतं.

इथे जरा थांबतो, कारण माझं सगळं पुढचं आयुष्य एका कागदावर अडकलं होतं. बर्फातल्या पायवाटेवर लोड घेऊन उतरताना मी घसरलो, गुडघा पिळवटला. एमआय रूमच्या रजिस्टरमध्ये 'गुडघेदुखी' एवढंच चढलं. गोळी, मलम, तीन दिवस लाइट ड्यूटी. दुखापत ड्यूटीवर झाली हे कुठेच नव्हतं. तीन आठवड्यांनी एका जुन्या क्लार्क हवालदारानं विचारलं, "इंज्युरी रिपोर्ट बनवलास का?" मला तो शब्दही माहीत नव्हता. त्यानंच आयएएफवाय-२००६ फॉर्म काढून दिला, माझ्याबरोबर पेट्रोलवर असलेल्या दोघांचे जबाब घेतले, आणि दुखापत ड्यूटीवर झाली असं सीओ (पलटणीचे कमांडिंग ऑफिसर) साहेबांचं मत त्यावर आलं. आणखी वर्षभर उशीर झाला असता तर त्या दोघांपैकी एक पोस्टिंगवर गेलेला आणि दुसरा पेन्शनवर असता. तेव्हा घसरलात, आदळलात, गाडी उलटली, मग ते कितीही किरकोळ वाटो, त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, कोणती ड्यूटी आणि साक्षीदार कोण हे कागदावर आणा. प्रत घरी ठेवा. युनिटच्या कपाटावर भरवसा ठेवू नका, पलटण हलते तेव्हा कपाटं पण हलतात.

कॅटेगरी कायमची झाली की पुढचा प्रश्न युनिटला पडतो: याला कुठे ठेवायचं? सैन्याच्या भाषेत याला शेल्टर्ड अपॉइंटमेंट म्हणतात, तुमच्या बंधनांत बसेल असं काम. इथे बरेच जवान गप्प बसतात आणि एडज्युटंट (सीओचं कार्यालय सांभाळणारा अधिकारी) जे देईल ते घेतात. गप्प बसू नका. इंटरव्ह्यूला जाण्याआधी स्वतः यादी करा: काय येतं, कशाचा कोर्स केलाय, आपल्या कागदाला कोणतं काम चालतं. मी म्हणालो, "साहेब, मला स्टोअरचं काम येतं, कॉम्प्युटर शिकायची तयारी आहे, फक्त चढ नको." क्यूएम (क्वार्टरमास्टर) स्टोअर, म्हणजे युनिटच्या सामानाचं कोठार, मिळालं. नंतर ट्रेनिंग सेल, आणि शेवटची तीन वर्षं ट्रेनिंग सेंटरवर रिक्रूटांना शिकवलं. ते दिवस मी नोकरीतले चांगले धरतो. गुडघा न वाकवता पोझिशन घेणं दाखवता येत नाही हे खरं, पण दाखवायला एक चुणचुणीत लान्स नायक दिमतीला असला की काम भागतं.

इन्फंट्रीत एक अवघड गोष्ट असते, ती मोकळेपणानं बोलली पाहिजे. सीओला वर न्यायला माणसं मोजावी लागतात. प्रत्येक लो मेडिकल माणूस म्हणजे पोस्टवर एक संतरी कमी, आणि ती ड्यूटी दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जाते. त्यामुळे बरॅकमध्ये टोमणे येतात. मला 'लंगडा क्यूएम' म्हणायचे. मी त्यांच्या रजेचं रेल्वे वॉरंट वेळेवर काढून द्यायला लागलो, तेव्हा ते नाव कमी ऐकू आलं.

टोमण्यांनी वैतागून काही जण 'अनविलिंग' सर्टिफिकेट लिहून देतात, की मला पुढे नोकरी करायची नाही. हे रागात कधीच लिहू नका. लिहायचंच असेल तर घरी जाऊन बायकोशी बोला, पेन्शनसाठी किती वर्षं भरतात ते रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी घ्या, मग ठरवा. दुसऱ्या बाजूनं, फक्त कॅटेगरी कमी आहे म्हणून तुम्हाला परस्पर घरी पाठवता येत नाही. आर्मी रूल्स, १९५४ मधल्या नियम १३ मध्ये नोकरीतून डिस्चार्ज करण्याचे प्रकार आणि रीत दिली आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं नायब सुभेदार राजपाल सिंग यांच्या प्रकरणात सांगितलं की कायमच्या लो मेडिकल माणसाला त्या कारणानं काढायचं तर आधी इनव्हॅलिडिंग मेडिकल बोर्ड, म्हणजे नोकरीला बाद ठरवणारी डॉक्टरांची तपासणी, झाला पाहिजे. तो निकाल तेव्हाच्या नियमांवरचा होता, २०१० साली नियम १३ बदलला, म्हणून आजची रीत विचारून घ्या. नोटीस आली तर दोन ओळींचं का होईना, मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. त्यापुढे आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे सैनिकांच्या तक्रारींचं न्यायाधिकरण, आहे, त्याचं एक खंडपीठ मुंबईतही आहे.

बढतीचं मी गोड करून सांगणार नाही. प्रत्येक बढतीला आणि शेवटच्या दोन वर्षांच्या मुदतवाढीला मेडिकल बघतात. मला नायब सुभेदारी मिळाली नाही, मुदतवाढही नाही. शत्रूच्या गोळीनं किंवा सुरुंगानं जखमी झालेल्या, म्हणजे बॅटल कॅज्युअल्टी ठरलेल्या जवानाला सवलती वेगळ्या असतात, म्हणून तसा शिक्का तुमच्या नोंदीत नीट चढलाय का हे पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या सर्व्हिस नोंदींचा युनिटचा लेखी आदेश) स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

पाय गेलेल्यांसाठी एक शब्द. पुण्याचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर (कृत्रिम हातपाय बसवणारं) १९४४ पासून आहे. १९१७ ला मुंबईत सुरू झालेलं आणि नंतर खडकीला आलेलं क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट जखमी जवानांना धंदेशिक्षण देतं, आणि पाठीच्या कण्याला मार बसलेल्यांसाठी पॅराप्लेजिक सेंटरही खडकीलाच आहे. मुरलीकांत पेटकर आपल्या सांगली भागातले, ईएमईचे (सैन्याच्या यंत्रदुरुस्ती दलाचे) जवान. १९६५ च्या लढाईत गोळ्या लागून अपंग झाले आणि १९७२ ला हायडलबर्गला पोहण्यात पॅरालिंपिकचं सोनं आणलं. इयान कार्डोझो साहेबांचा पाय १९७१ च्या युद्धात सुरुंगावर गेला, तरी त्यांनी पुढे पलटणीची आणि ब्रिगेडची कमान सांभाळली. ही नावं मी मुद्दाम सेंटरवरच्या माझ्या वर्गात सांगायचो. झोपलेली पोरंही उठून बसायची.

आता पैसे. जखम किंवा आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीत वाढला असं ठरलं आणि अपंगत्वाचा टक्का किमान वीस आला, तर डिसॅबिलिटी एलिमेंटचा, म्हणजे पेन्शनमधल्या अपंगत्वाच्या भागाचा, हक्क येतो. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, असा हिशोब. शेवटचा पगार ४०,००० धरला तर शंभर टक्क्यांना १२,००० आणि पन्नास टक्क्यांना ६,००० रुपये महिना. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या रामअवतार निकालानं राउंडिंगचा फायदा इनव्हॅलिड न होता निवृत्त झालेल्यांनाही दिला, म्हणजे पन्नासच्या आतला टक्का पन्नास धरायचा. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आलेत आणि कॅटेगरीसह नोकरी पूर्ण करणाऱ्याला मिळणाऱ्या रकमेला आता इम्पेअरमेंट रिलीफ म्हणतात. म्हणून तुमचा डिस्चार्ज त्या तारखेआधीचा की नंतरचा, हे पहिलं बघा. शेजारच्या माजी सैनिकाचा आकडा स्वतःला लावू नका.

नोकरी संपताना रिलीज मेडिकल बोर्ड होतो, फॉर्म एएफएमएसएफ-१६. त्यात तुमचं स्वतःचं निवेदन असतं: भरतीआधी त्रास होता का, कशानं झाला, कधी झाला. क्लार्कला 'सर, तुम्हीच भरा' म्हणून पुढे सरकवू नका. मी आदल्या रात्री पेन्सिलनं लिहून, पाठ करून, मग पेनानं भरलं.

बोर्डात डॉक्टर मॅडमनी विचारलं, "हा गुडघा कसा गेला?" मी तोंडानं काही सांगितलं नाही. तेरा वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला इंज्युरी रिपोर्ट उलगडून टेबलावर ठेवला. त्यांनी तारीख वाचली, सीओ साहेबांची सही बघितली, फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "पुढच्याला पाठवा."