अ‍ॅडम्सचा ओढता ग्रेडर: जाम हातचाकं आणि बिडाचे गिअर

इंडियानापोलिसच्या जे. डी. अ‍ॅडम्सने 1885 मध्ये कलत्या चाकांचा ग्रेडर, म्हणजे पात्याने रस्त्याची माती सपाट करणारं यंत्र, आणला. पातं तिरपं लावलं की माती एका बाजूला सरकते आणि यंत्र उलट्या बाजूला ढकललं जातं. चाकं माती सरकते त्या दिशेला कलवली की तो रेटा पेलतो. त्यामुळे जुना, घोड्यांनी किंवा ट्रॅक्टरने ओढायचा अ‍ॅडम्स हाती लागला, तर रंगाआधी चाकं कलवणारी आणि पातं उचलणारी, हातचाकांनी फिरवायची यंत्रणा मोकळी करा. ती जाम असेल तर उरतं ते नुसतं शोभेचं लोखंड.

हातचाकाला पाइप अडकवून जोर लावू नका. बीड (ओतीव लोखंड) वाकत नाही, सरळ तुटतं आणि कंपनी 1955 मध्ये विकली गेल्यामुळे सुटे भाग कारखान्यातून मिळत नाहीत. हातचाकाचा आरा तुटला तर चाक, वर्मचा (मळसूत्री गिअरचा) दात तुटला तर गिअरची पूर्ण जोडी नव्याने ओतावी लागते.

आधी सगळे फोटो काढा. प्रत्येक शिम (फट भरणारी पातळ पत्र्याची चकती) कोणत्या बाजूची, किती जाड, हे चिठ्ठीवर लिहून त्या भागासोबत तारेने बांधा. शिम हरवली की गिअरच्या दातांमधली मोकळीक पुन्हा बसवायला फार वेळ जातो. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन समप्रमाणात मिसळून सांध्यांत सोडा, आठवडाभर रोज. या मिश्रणाजवळ ज्योत नेऊ नका; तापवण्याआधी ते पुसून, वाळू द्या. मग बाहेरचा भाग चारी बाजूंनी सारखा, 150 ते 200 अंश सेल्सियसपर्यंत तापवा आणि सांध्याला मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण आत ओढलं जातं. हातचाक थोडं पुढे, थोडं मागे. एका अंशाची हालचाल मिळाली तरी पुरे, तिथून काम वाढत जातं.

सुटलेले लहान भाग सोडा-बाथमध्ये टाका: लिटरला सुमारे 10 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि 12 व्होल्टचा चार्जर. ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक भंगार लोखंडाला. धन बाजूला स्टेनलेस स्टील अजिबात नको, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे काम उघड्यावर करा. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता मोठी, म्हणून कोरडा घासू नका, ओला करून खरवडा.

बिडाला तडा असेल तर टोकाला 3 मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर तडा पुढे धावतो. तड्यावर व्ही खाच पाडा, भाग आधी तापवा, निकेलच्या सळईने एकावेळी 25 मिलिमीटरच वेल्ड मारा आणि गरम असतानाच हलके ठोका. शेवटी कोरड्या वाळूत पुरून हळूहळू गार होऊ द्या. घाई केली की वेल्डच्या शेजारी नवा तडा जातो.

पातं ज्यावर फिरतं त्या गोल दातेरी चक्रावर जाड ग्रीस लावू नका. त्यात धूळ अडकते, घासणारी लगदी होते आणि दात झिजतात. कोरडं ग्राफाइट लावा. पात्याच्या धारेचे चौकोनी मानेचे बोल्ट इंची मापाचेच ठेवा. मेट्रिक बोल्टची मान भोकात बसत नाही, फिरते आणि भोक गोल करते.