एक्मोवरच्या बायका आणि पुरुष: आकडे वाचताना आणि मशीन चालवताना या चुका टाळा

एक्मो म्हणजे रक्त अंगाबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत अंगात सोडणारं मशीन. एक्मोवर गेलेल्या बायका पुरुषांपेक्षा जास्त दगावतात का? या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर मागितलं की पंचाईत होते. व्हीए एक्मोच्या, म्हणजे हृदय आणि फुप्फुस दोन्हींचा भार उचलणाऱ्या प्रकाराच्या काही नोंदींमध्ये बायकांचा मृत्युदर जास्त दिसतो, तर काहींमध्ये फरकच दिसत नाही. फक्त फुप्फुसांना आधार देणाऱ्या व्हीव्ही प्रकारात ठाम फरक क्वचितच हाती लागतो. उत्तर असं हेलकावे खातं, कारण ‘स्त्री’ या एका रकान्यात उंची, धमनीची जाडी, रक्ताचं प्रमाण, आजाराचं कारण आणि निर्णयाला झालेला उशीर असं बरंच काही कोंबलेलं असतं. बहुतेक चुका तो रकाना न उघडल्यामुळे होतात.

मशीन कुणाला लागलं, हे न विचारता मृत्युदराची तुलना करणं

समजा, शॉकमधल्या, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त कमी पडत असलेल्या २० पुरुषांना मशीन लागलं. त्यातले १० मध्यम अवस्थेत होते आणि १० अगदी गंभीर. मध्यम अवस्थेत ४० टक्के आणि गंभीर अवस्थेत ६० टक्के दगावतात, आणि हे प्रमाण बाई-पुरुष दोघांना सारखंच लागू आहे असं धरू. म्हणजे पुरुषांत ४ आणि ६ मिळून १० मृत्यू, ५० टक्के. आता १० बायका घ्या. त्यांच्याबाबत निर्णय उशिरा झाला, म्हणून मशीन लागेपर्यंत दहाही जणी गंभीर झाल्या होत्या. ६ मृत्यू, ६० टक्के. बातमी तयार: ‘एक्मोवर बायकांना धोका जास्त’.

यावर संख्याशास्त्रज्ञ म्हणेल, आजाराची तीव्रता जमेस धरा. धरली की फरक नाहीसा होतो आणि सगळे सुटकेचा नि:श्वास टाकतात. माझ्या मते ही दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट. त्या दहा जणींपैकी काही दाखल होताना मध्यम अवस्थेतच असतील. वाट पाहण्यात त्या गंभीर झाल्या. तीव्रता हाच उशिराचा परिणाम असेल, तर ती गणितातून वजा केल्यावर उशीरही वजा होतो आणि कागदावर सगळं आलबेल दिसतं. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचावेत. त्याआधी एक प्रश्न विचारावा: शॉकची पहिली नोंद आणि मशीन लावणं यांत किती तास गेले, बायकांचे किती आणि पुरुषांचे किती? मशीन न लागताच गेलेल्यांची नोंद तर एक्मोच्या यादीत येतच नाही. तो हिशेब सगळ्या शॉक रुग्णांच्या यादीतूनच काढावा लागतो.

चाचण्यांमधली बायकांची संख्या हा आणखी एक सापळा. हार्ट अटॅकनंतरच्या शॉकमध्ये व्हीए एक्मो देऊन पाहणारी ईसीएलएस-शॉक ही २०२३ ची चाचणी घ्या. ४१७ रुग्ण, त्यात दर पाचांत चार पुरुष. ३० दिवसांतले मृत्यू एक्मो गटात ४७.८ टक्के आणि दुसऱ्या गटात ४९ टक्के, म्हणजे फायदा दिसला नाही. २०२४ च्या डॅनजर शॉक चाचणीत हृदयात बसवायच्या बारीक पंपाने मृत्यू कमी झाले, पण बायकांच्या उपगटात तो फायदा दिसला नाही. इथेही बायका साधारण पाचांत एक. एवढ्या लहान उपगटावरून ‘हा पंप बायकांना उपयोगाचा नाही’ म्हणणं घाईचं, आणि ‘बायकांनाही तितकाच फायदा’ म्हणणंही तितकंच घाईचं. गंमत बघा: १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी एक्मोचा पूर्वज असलेल्या हार्ट-लंग मशीनवर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली ती १८ वर्षांच्या मुलीवर, आणि १९७५ मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांनी एक्मोवर वाचवलेलं पहिलं नवजात बाळही मुलगीच. आणि आज पुरावा मोजायला बसलं की बायका पाचांत एक.

रुग्णाच्या धोक्याचा अंदाज बांधणाऱ्या स्कोअरबद्दलही गोंधळ होतो. हृदयशस्त्रक्रियेच्या युरोस्कोअर-२ मध्ये स्त्री असण्याचे जोखीमगुण धरले जातात. एक्मोसाठी वापरले जाणारे सेव्ह आणि रेस्प हे स्कोअर लिंग विचारतच नाहीत. एकाची समज दुसऱ्याला चिकटवू नका.

सवयीची कॅन्युला

व्हीए एक्मोत रक्त परत सोडणारी कॅन्युला, म्हणजे रक्तवाहिनीत घालायची नळी, बहुधा जांघेतल्या धमनीत जाते. तिची जाडी फ्रेंच या मापात सांगतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, त्यामुळे १५ फ्रेंचची कॅन्युला बाहेरून ५ मिलिमीटर जाड आणि १७ ची साधारण ५.७. बायकांची ही धमनी सरासरीने बारीक असते. कॅन्युलेने ती जवळजवळ भरून टाकली की खाली पायाकडे जायला रक्ताला वाट उरत नाही. ईसीएलएस-शॉकमध्ये पायाच्या रक्तवाहिन्यांची गुंतागुंत एक्मो गटात ११ टक्के होती, दुसऱ्या गटात ३.८. हे आकडे बाई-पुरुष मिळून आहेत. बारीक धमनीत जागा त्याहून कमी, हे उघड आहे.

‘मोठी टाका, फ्लो कमी पडायला नको’ हा विचार इथे नडतो. फ्लोची गरज शरीराच्या पृष्ठफळावर ठरते. दर चौरस मीटरला मिनिटाला २.४ लिटर धरलं, तर १.५ चौरस मीटरच्या व्यक्तीला ३.६ लिटर पुरतात आणि २ चौरस मीटरच्या व्यक्तीला ४.८ लागतात. लहान चणीच्या बाईला मोठ्या पुरुषाइतका फ्लो लागतच नाही, मग तेवढीच जाड कॅन्युला कशाला? आधी सोनोग्राफीवर धमनी मोजा, लागणारा फ्लो काढा, मग माप ठरवा. पायाकडे रक्त नेणारी छोटी कॅन्युला त्याच बैठकीत टाका. पाय थंड पडल्यावर धावाधाव करण्यात स्नायू जातात. लहान चणीचा पुरुष असेल तर त्यालाही हेच लागू.

प्रायमिंगचं पाणी विसरणं

मशीन जोडण्याआधी त्याचं सर्किट, म्हणजे नळ्या-पंपाची साखळी, सलाइनने भरतात. हेच प्रायमिंग. ५० किलोच्या बाईच्या अंगात किलोला ६५ मिलिलिटर या हिशेबाने सुमारे ३,२५० मिलिलिटर रक्त असतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, ३६ असेल आणि सर्किटमध्ये ६०० मिलिलिटर सलाइन भरलेलं असेल, तर मशीन सुरू होताच तो ३० वर येतो. ८० किलोच्या पुरुषात, किलोला ७० मिलिलिटर आणि हिमॅटोक्रिट ४२ धरला, तर तेच सर्किट त्याला ३८ च्या आसपास ठेवतं. दोघांच्या रक्तस्रावात काडीचाही फरक नसताना रक्ताची पिशवी बाईला आधी लागते, आणि मग तक्त्यात ‘बायकांना रक्त जास्त द्यावं लागलं’ अशी ओळ उमटते. नळ्या शक्य तितक्या आखूड ठेवा, तपासणीसाठी लहान मुलांच्या नळ्यांत थोडंच रक्त घ्या. रोज भरभरून काढलेलं रक्त आठवड्याभरात जाणवतं.

उंची अंदाजाने लिहिणं

छोटी वाटणारी ही चूक सर्रास होते. व्हेंटिलेटरचा श्वास ठरवण्यासाठीचं वजन खऱ्या वजनावरून काढत नाहीत. ते उंची आणि लिंगावरून काढतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं ते ५६.९ किलो येतं, बाईचं ५२.४. किलोला ६ मिलिलिटरने श्वास ३४१ आणि ३१४. नजरेने उंची १७० लिहिली तर तोच बाईचा श्वास ३६९ होतो, म्हणजे आजारी फुप्फुसावर दर श्वासाला ५५ मिलिलिटर जादा. टेप आणा आणि टाळूपासून टाचेपर्यंत मोजा. व्हीव्ही एक्मो सुरू झाल्यावर श्वास आणखी कमी करायचा असतोच, पण त्याआधीचे तासही फुप्फुसाला भोवतात.

फ्लो पडला की आरपीएम (पंपाचा वेग) वाढवणं

रक्त ओढणारी लाइन थरथरू लागली, फ्लो खाली आला, आणि कुणीतरी पंपाचा वेग वाढवला. थरथर आणखी वाढते, तांबड्या पेशी फुटतात, लघवी लालसर होते. वेग थोडा कमी करा आणि कारण शोधा: अंगात रक्त-पाणी कमी आहे का, कुठे रक्तस्राव आहे का, कॅन्युला सरकली का, छातीत-पोटात दाब वाढला आहे का. गर्भारपणाच्या उत्तरार्धात आणखी एक कारण असतं. उताण्या स्थितीत गर्भाशय मोठ्या शिरेवर बसतं आणि मशीनकडे रक्त येईनासं होतं. डाव्या कुशीकडे कलवा किंवा गर्भाशय हाताने डावीकडे सरकवा. कित्येकदा तेवढ्यानेच लाइन शांत होते. गर्भारपण म्हणून एक्मो नाकारायचं कारण नाही, आणि मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलं जाणारं हेपरिन वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडे जात नाही.

कारण न शोधता शॉकचा साचा लावणं

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाचेक महिन्यांपर्यंत हृदय कमजोर होऊ शकतं. त्यातून लागणाऱ्या धापेला अशक्तपणा म्हणून सोडून देतात आणि दिवस हातचे जातात. ताकोत्सुबो, म्हणजे बहुधा मोठ्या ताणानंतर हृदय अचानक कमजोर होणं, हा प्रामुख्याने पाळी गेलेल्या बायकांत दिसणारा विकार. त्यात काही वेळा डाव्या कप्प्यातून रक्त बाहेर पडायच्या वाटेवरच अडथळा येतो. अशा वेळी डोब्युटामिन हे हृदयाचा जोर वाढवणारं औषध दिलं की रक्तदाब वाढायच्या ऐवजी आणखी घसरतो, महाधमनीत बसवायच्या बलून पंपानेही अडथळा वाढू शकतो. औषध वाढवूनही दाब पडतोय असं दिसलं की डोस वाढवण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करा. हे हृदय बहुधा काही आठवड्यांत सावरतं, म्हणून तोवर मशीनने वेळ मिळवून देण्यात अर्थ असतो.

पाळीबद्दल न विचारणं

हेपरिन चालू, प्लेटलेट घसरलेल्या, आणि त्यात पाळी आली. गुंगीत असलेली बाई सांगणार नाही, आणि पांघरुणाखाली किती रक्त गेलं हे तक्त्यावर येत नाही. पाळी कधी आली होती, किती जाते, हे नातेवाइकांना पहिल्याच दिवशी विचारा, गर्भचाचणी करा, आणि पाळी थांबवणाऱ्या हार्मोनसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांशी आधीच बोला. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या गुठळ्यांचा धोका वाढवतात, तेव्हा निवड त्यांच्यावर सोडा.

प्रत्यारोपणाची वाट पाहत मशीनवर असलेल्या बाईला पूर्वी कधी दिवस गेलेले असतील, तर तिच्या रक्तात परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आधीच असू शकतात, आणि रक्ताच्या प्रत्येक पिशवीने त्यात भर पडू शकते. अँटिबॉडी वाढल्या की जुळणारं हृदय किंवा फुप्फुस मिळणं अवघड होतं. म्हणून हिमोग्लोबिन जरा खाली गेलं की सवयीने पिशवी मागवू नका. तिची खरंच गरज आहे का ते पाहा, आणि द्यायचीच असेल तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा.