‘लॉक झालंय’ असं फोनवर सांगितलं तर

पार्श्वसंगीतात यायचंय म्हणणाऱ्यांना हार्मनी, सॉफ्टवेअर, सॅम्पल लायब्ररी हे बरंचसं आधीच येत असतं. ते सोडून देते. मला ज्यानं आडवं केलं, ते मात्र सविस्तर सांगते.

माझी पहिली टेलिफिल्म. संकलकाच्या सहायकाचा फोन आला, "पिक्चर लॉक झालंय, सुरू करा." लॉक म्हणजे संकलन संपलं, आता एकही कट बदलणार नाही. मी सुरू केलं. शेवटाकडे एक प्रसंग होता. आई पत्र उघडते, वाचते, घडी घालते, दाराशी जाऊन थांबते आणि मागून मुलगी एकच वाक्य बोलते. त्या वाक्याच्या आधी संगीत थांबायला हवं होतं. सेकंदाला २५ फ्रेम, टेम्पो ७५, म्हणजे एक ठोका बरोबर २० फ्रेमचा. ५० ठोके, ४० सेकंद, मग शांतता. व्हायोलिन आणि चेलो प्रत्यक्ष वाजवून घेतले, वादकांचे पैसे माझ्याच मानधनातून दिले.

मिक्सला, म्हणजे संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज एकत्र बसवायला, बसले तर माझं संगीत मुलीच्या पहिल्या दोन शब्दांवर चढलेलं. मधल्या दिवसांत त्या प्रसंगात तीन ठिकाणी कात्री लागली होती. सहा फ्रेम, तीन फ्रेम, पाच फ्रेम. मिळून १४. एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे ५६० मिलिसेकंदांचा घोळ. क्यू, म्हणजे त्या प्रसंगाचा संगीताचा तुकडा, अलीकडे ओढला की शेवट बसे, पण पहिला स्वर पत्र उघडायच्या आधीच वाजे. मिक्सरनं, म्हणजे मिक्स करणाऱ्या माणसानं, अखेर फेडर खाली घेऊन संगीताचा आवाज कमी केला. चेलोचा शेवटचा लांब स्वर कोणालाच ऐकू आला नाही. मी तिथेच बसून होते. संगीत नुसतं प्रोग्रॅम केलेलं असतं तर टेम्पो ७६.०६ करून भागलं असतं. रेकॉर्ड झालेल्या वादनाला असं सहज वाकवता येत नाही.

म्हणून तोंडी लॉक मानायचंच नाही. चित्रावर टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेळ, छापलेली फाइल मागा, तिच्या नावात तारीख आणि व्हर्जन हवं. रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी पुन्हा ताजी फाइल मागा, मागायला लाजू नका. दोन्ही फायलींचा डायलॉग एकावर एक ठेवून ऐका. जिथून आवाज दुहेरी यायला लागतो, तिथे कट बदललाय. पाच मिनिटांचं काम आहे हो! आणि तंतुवाद्यं, ताल, पॅड (मागे भरून राहणारे लांब स्वर) असे स्टेम्स, म्हणजे वाद्यगटांचे ट्रॅक, वेगळे द्या, म्हणजे ऐनवेळी मिक्सरला काहीतरी वाचवता येतं.

टेम्प ट्रॅकबद्दल, म्हणजे संकलनाच्या वेळी चित्रावर तात्पुरत्या लावलेल्या तयार संगीताबद्दल, थोडंच. दिग्दर्शक त्याच्या प्रेमात पडतो, हे धरूनच चाला. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी हॉलिवूडचे नावाजलेले संगीतकार अॅलेक्स नॉर्थ यांनी संगीत लिहिलं, रेकॉर्डही केलं. १९६८ साली चित्रपट आला तो तात्पुरत्या लावलेल्या जुन्या रचनांसह. नॉर्थसारख्याच्या वाट्याला हे येतं, तर तुमचा क्यू परत आला म्हणून खचू नका. रात्रभर रडू आलं तर येऊ द्या, सकाळी दुसरा लिहा.

झटपट वाटांवर माझा विश्वास नाही. जेरी गोल्डस्मिथ यांनी ‘चायनाटाऊन’चं संगीत १० दिवसांत केलं, हे सगळे सांगतात. त्यामागे रेडिओ, टीव्ही आणि चित्रपटांतली वीसेक वर्षं होती, ते कोणी सांगत नाही. मालिकेचं काम कमी दर्जाचं समजू नका. दर आठवड्याला एपिसोड द्यावा लागला की हात आपोआप तयार होतो.

गुरू शोधताना मी एकच गोष्ट बघते. तो तुम्हाला स्पॉटिंगला (संगीत कुठे सुरू करायचं, कुठे थांबवायचं हे दिग्दर्शकाबरोबर ठरवतात ती बैठक) आणि मिक्सला शेजारी बसवतो का? बसवत असेल तर कमी पैशांतही राहा. नुसतेच निनावी क्यू लिहून घेत असेल तर निघा. "नाव पुढच्या वेळी देऊ" यावर मी दोन वर्षं काढली, तुम्ही दोन महिनेही काढू नका.

मिक्स संपला की त्याच आठवड्यात क्यू शीट भरा. प्रत्येक क्यूचं नाव, मिनिटं-सेकंद, संगीतकार आणि कोणाचा किती वाटा. पुनर्प्रक्षेपणाची रॉयल्टी याच कागदावरून मोजतात, आणि तो दुसरं कोणी भरेल या भरवशावर मी माझा पहिला भरायचा राहू दिला होता.