सोलापूरचा कोट, बाग आणि वाडे एका दिवसात कसे पाहाल

उन्हाळ्यात हा बेत आखू नका. एप्रिल-मेमध्ये इथं पारा सहज चाळिशी ओलांडतो, दगड तव्यासारखे तापतात. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत या. संक्रांतीला आलात तर गड्ड्याची यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, आणि नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची मिरवणूक बघायला मिळेल, निवांत फिरणं मात्र विसरा.

सकाळी लवकर सिद्धेश्वर मंदिरापासून निघा. दर्शन झालं की तळ्याच्या काठावर थोडं थांबा. पाण्यापलीकडे भुईकोट किल्ल्याचा तट दिसतो. त्या बाजूला तळंच खंदकाचं काम करायचं, हे इथूनच नीट कळतं.

मग किल्ल्यात जा, दीड तास तरी हाताशी ठेवा. बहमनी काळातला हा कोट, तट दुहेरी. १८१८च्या मे महिन्यात तो मुनरोच्या इंग्रजी फौजेनं घेतला. तटाचे चिरे जवळ जाऊन बघा: साध्या दगडांच्या ओळीत मधेच एखादा कोरीव दगड बसवलेला सापडतो. जुन्या देवळाचे अवशेषही आतच आहेत. मला तर बुरुजांपेक्षा हे दगडच जास्त खिळवून ठेवतात.

बाहेर पडलात की हुतात्मा बागेत सावलीला टेका, पाणी प्या. पुढे स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी नक्की थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. मुलं बरोबर असतील तर ही चार नावं त्यांना मोठ्यानं वाचायला सांगा.

आता इंद्रभुवन. अप्पासाहेब वारद यांनी हौसेनं बांधलेला हा वाडा पुढे महापालिकेकडे आला. आधी रस्त्याच्या बाजूनं, थोडं लांबून पाहा, म्हणजे सगळा दर्शनी भाग नजरेत मावतो. मग जवळ जाऊन मान वर करा. कमानी, खांब, चुन्यातली नक्षी, देशी आणि युरोपी वळणाची सरमिसळ! सोलापुरात खरं कलादालन शोधत असाल तर ते या भिंतींवरच आहे.

शेवटी रिक्षानं भैया चौकात जा. चीनमध्ये सैनिकांवर उपचार करता करता १९४२ साली गेलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं घर तिथं स्मारक म्हणून जपलंय. इंद्रभुवनच्या थाटानंतर हे साधं घर बघाच, आणि याच क्रमानं बघा.

परतताना शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून घ्या. दोन्ही प्रवासात टिकतात.